वीस बाण ओढले

विद्यानगर, हैदराबाद
४ सप्टेंबर २०२४

आदरणीय केशवराव,

सप्रेम जयभीम.

तुमचं पोस्टकार्ड परवा मिळालं. नाशिकला मुलाकडे जाऊन चार महिने झाले आणि चार ओळी आल्या, त्यातली एक पिनकोडची. तरी बरं वाटलं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही भलतंच ऐकता, तेव्हा पत्रच ठीक. शिवाय तुकडे पाठवायचे तर पाकीट लागणारच.

तुम्ही लिहिलंय, "धनुष्याचं ते कापड फार वाजतं, दुसरं पाठव." पहिली गोष्ट, तिथे कापड नाही. बाण ज्या खाचेत टेकतो ती बैठक आणि कडेने ज्या पट्टीला घासत जातो ती घासपट्टी. ही दोन्ही नावं मी पाडली तेव्हा तुम्ही समोर चहा पीत बसला होतात आणि "वा मियाँ, क्या नाम है" म्हणाला होतात. अकरा वर्षं शेजारी उभं राहून बाण मारले आणि शेवटी 'ते कापड'.

दुसरी गोष्ट, तुमच्या घासपट्टीला मी बांबूची साल लावली होती ती मुद्दाम. तुमच्या तळहाताला घाम फार येतो. कापड घाम पितं, फुगतं आणि बाण उजवीकडे ढकलतं. साल पीत नाही. पण साल कडक, त्यामुळे बाण ओढताना खर्र वाजणार. गेली तीन वर्षं ती वाजतेच आहे आणि तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, कारण कानयंत्र तुम्ही टेबलाच्या खणात ठेवता. मग आत्ताच ते कसं ऐकू आलं? मुठीला थरथर जाणवत असेल, असं मी धरून चाललो आहे.

सोबत तीन तुकडे आहेत. मागे पेन्सिलीने आकडा घातला आहे.

एक नंबर नमदा, दाबलेल्या लोकरीचा. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली घालतात तो, सुलतान बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून आणला. दोन नंबर मखमल. तीन नंबर वेल्क्रोची मऊ बाजू, जिला हसू नका, तिचे तंतू मी भिंगाखाली पाहिले आहेत. तिन्ही पावणेचार सेंटीमीटर बाय दीड. बैठकीचे तुकडे वेगळे, त्यांच्याखाली काडेपेटीची एक काडी आडवी चिकटवा, म्हणजे बाण एका रेषेवर टेकेल, अख्ख्या खाचेवर लोळणार नाही. मखमलीची लव निशाणाकडे झुकलेली हवी. बोट फिरवून बघा, ज्या बाजूने गुळगुळीत लागेल ती बाणाची जायची दिशा. उलटी लावलीत तर प्रत्येक बाणाला ब्रेक लागेल. एकेक तुकडा दोन-दोन दिवस वापरा आणि काढून मला परत पाठवा. झिजलेला तुकडा मला पत्रापेक्षा जास्त सांगतो.

जानेवारीतल्या जोडीच्या स्पर्धेची नावं तीस नोव्हेंबरपर्यंत द्यायची आहेत. तिथे एकट्याला उभं राहू देत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही याल हे गृहीत धरून मी तुमच्यासाठी सहा बाण नवे करायला घेतले आहेत.

मी रविवारी मैदानावर जातो, नेहमीसारखा साडेसहाला.

तुमचा
अनिरुद्ध


नाशिक
१६ सप्टेंबर

प्रिय अनिरुद्ध,

तुझ्या जयभीमला माझा रामराम. पत्र वाचताना तू समोर बसून पट्टी घेऊन मोजतोयस असं वाटलं. सुनेला, माधवीला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, हे गृहस्थ मास्तर आहेत का?" म्हटलं, नाही, दिलसुखनगरात वजनकाटे दुरुस्त करतात, धनुष्य करायला स्वतःचं स्वतः शिकले, सतरा मोडली तेव्हा अठरावं झालं. तर म्हणते, "सतरा मोजली कोणी?" तिला म्हटलं, त्यांनीच.

माझं इथे ठीक. नववा मजला. मुलगा युवराज सकाळी आठला जातो, रात्री आठला येतो. नात प्रियदर्शिनी सात महिन्यांची आहे, एवढ्याशा पोरीला एवढं नाव पेलत नाही म्हणून पिऊ म्हणतात. माझी खोली तिच्या खोलीला लागून. शेजारीपाजारी सज्जन आहेत, लिफ्टमध्ये मान हलवतात.

रोज सकाळी सव्वासहाला वीस बाण ओढतो. एक दिवस चुकवला नाही. तू म्हणायचास ना, केशवरावांना शिस्त नाही? आता येऊन बघ.

तुझे तिन्ही वापरले, परत पाठवतोय. मखमल त्यातल्या त्यात गप्प आहे, पण दोन दिवसांत टक्कल पडलं. वेल्क्रोला मी हसलो नाही, तो आपोआप सुटून पडला. नमदा चांगला, पण थोडी कुरकुर आहेच. बाजारच्या धनुष्यांना चामड्याची पट्टी असते तीच का नाही लावत? मऊ असते, वाजत नाही, वर्षानुवर्षं टिकते. एखाद्या चपलावाल्याकडे कातरण मागितलंस तर फुकट देईल.

इथे सगळं मिळतं, इराणी चहा तेवढा नाही. बिस्किट मी दुधात बुडवून बघितलं, नक्को.

तुझा
केशवराव


विद्यानगर
२६ सप्टेंबर

आदरणीय केशवराव,

जयभीम.

आधी चामड्याचं. तुम्ही विसरलात असं मी समजतो. माझे वडील भिवाजी एकोणीस वर्षांचे असताना गाव सोडून सिकंदराबादला रेल्वेत लागले. त्याआधी गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं आणि त्याचं कातडं सोलणं हे आमच्या घराकडे होतं, ते आम्ही मागितलं नव्हतं. दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी ती सुरी विहिरीत टाकली आणि पुन्हा त्या कामाला हात लावायचा नाही असं मुलांकडून वदवून घेतलं. वडिलांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हा मी चौथीत होतो. माझ्या एकेचाळीस धनुष्यांत चामड्याचा दोराही नाही. मूठ सुतळीची, पट्टी सालीची किंवा कापडाची. गिऱ्हाईक परत गेलं आहे, मी बदललेलो नाही. हे मी तुम्हाला आठ वर्षांपूर्वी मैदानावर, त्या चिंचेखाली, सांगितलं होतं आणि तुम्ही बराच वेळ बोलला नव्हतात. ते गप्प बसणं मला आवडलं होतं. 'चपलावाल्याकडे माग' आवडलं नाही.

आता तुकड्यांचं. तिन्ही भिंगाखाली ठेवले. बाण सुटला की लव एका बाजूला, पुढे, झोपते. तुमच्या मखमलीची लव पुढेही झोपली आहे आणि मागेही, मधे भांग पाडल्यासारखी. याचा अर्थ मला एकच दिसतो. तुम्ही बाण ओढता, नेम पटत नाही, परत सैल सोडून आणता, पुन्हा ओढता. असं एका बाणाला दोन-तीनदा होत असणार. मनात शंका धरून उभे राहता, केशवराव. ही सवय इथे नव्हती. पट्टीचा दोष नाही, तिला उगाच बदनाम करू नका. ओढलं की तीन मोजा आणि सोडा.

तरी आवाजाचं मी बघतो. दोन पदरी नमदा, वरचा पदर इस्त्रीने दाबलेला, असे दोन तुकडे करून पाठवत आहे, एक जादाचा.

अनिरुद्ध


नाशिक
८ ऑक्टोबर

प्रिय अनिरुद्ध,

चुकलं माझं. तू चिंचेखाली सांगितलेलं सगळं लक्षात आहे, सुरीसकट. आम्ही त्याच मुलखातले. आमच्या शेतात बैल मेला की कोणाला निरोप जायचा आणि तो कोण पोचवायचा हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, निरोप घेऊन मीच पळत गेलो आहे. त्या दिवशी गप्प बसलो ते त्यामुळे. आणि परवा कागदावर हात एवढा सैल सुटला. म्हाताऱ्याचा हात म्हण आणि सोडून दे. नाही सोडलंस तरी चालेल.

शंका धरून उभा राहतो हे मात्र बरोबर ओळखलंस.

दोन पदरी नमदा लावला. फार छान आहे. आज वीस बाण ओढले, स्वतःलाच ऐकू आलं नाही. आता तू म्हणशील, तुम्हाला एरवी तरी काय ऐकू येतं.

तुझा
केशवराव


विद्यानगर
२१ ऑक्टोबर

आदरणीय केशवराव,

जयभीम. सोडलं.

सोबत स्पर्धेचा फॉर्म आहे. सगळं भरलं आहे. तुमचं वय सदुसष्ट, धनुष्य बत्तीस पौंडांचं, बाण लाकडी. फक्त सही करायची आहे, फुली मारून ठेवली आहे तिथे. रेल्वेने उतराल तर सिकंदराबादला उतरा, मी स्कूटर घेऊन येईन. आईची खोली रिकामीच आहे. ती गेल्यापासून मी तिथे फक्त लाकूड वाळवतो, ते हलवीन.

आमच्या काट्यांच्या दुकानात प्रणिता म्हणून एक बाई आल्या होत्या, सोनाराच्या काट्याचं काम घेऊन. भिंतीवरचं धनुष्य पाहिलं. म्हणाल्या, "मी कॉलेजात मारायचे, तुम्हाला जोडीदार लागला तर सांगा." मी म्हटलं, आहे. त्यांनी विचारलं, "कुठे आहेत?" म्हटलं, येणार आहेत. एवढंच.

मैदानावर गेलो होतो काल. चिंच आहे तशी आहे.

सहा बाण झाले. पिसं दोन रंगांची घातली आहेत, तुम्हाला लांबून आपले ओळखू यावेत म्हणून. महिन्याभरात नमदा उतरवून पाठवा.

अनिरुद्ध


नाशिक
६ नोव्हेंबर

प्रिय अनिरुद्ध,

दिवाळी झाली. माधवीने चकल्या केल्या, मी दातांची चौकशी करून एक खाल्ली. तुझ्यासाठी पाठवल्या असत्या, पण पोहोचेपर्यंत तुझ्या वजनकाट्यावर नुसती भुकटी पडली असती.

फॉर्म मिळाला. इथेच कुठेतरी ठेवलाय, शोधतो.

नमदा उतरवून पाठवतोय. तुझं हे काम पहिल्या नंबरचं झालं. पिऊ आता अजिबात उठत नाही. घरात सगळे खूश आहेत.

नवे बाण कोणत्या रंगाचे?

तुझा
केशवराव


विद्यानगर
१४ नोव्हेंबर

आदरणीय केशवराव,

तुमचा तुकडा आल्यापासून चार दिवस टेबलावर आहे.

एक. बाण सुटून जाताना शेवटी पिसं बैठकीवरून जातात. पिसाच्या देठाचं पुढचं टोक कितीही तासलं तरी नमद्याच्या मागच्या कडेला एक बारीक चीर पाडतंच. माझ्या पट्टीवर पन्नास बाणांत ती दिसू लागते. तुमचा नमदा महिनाभर वापरलेला आहे, रोजचे वीस धरले तर सहाशे बाण. मागची कड कोरी आहे. कात्रीने कापली तशीच.

दोन. पुढे झोपलेली लव आणि मागे झोपलेली लव सारखी आहे. शंकेखोर माणसाचीही थोडी कमी-जास्त होईल. तुमची तराजूत घातल्यासारखी समान आहे.

तीन. पिऊ उठत नाही. मैदानावर पिऊ कशाला असेल?

मग मी तुमची पत्रं काढली. पोस्टकार्डापासून सगळी. आपण हैदराबादेत धनुष्य 'ओढतो' म्हणतो, 'खींचो मियाँ' म्हणतो, त्यात ओढणं आणि मारणं एकच असतं. "किती ओढले?" म्हणजे किती मारले. तुम्ही प्रत्येक वेळी लिहिलं आहे, वीस बाण ओढतो, वीस बाण ओढले. एकदाही 'मारले' नाही, 'सोडले' नाही. मी चारशे मिलिग्रॅमचा फरक काट्याच्या झोक्यावरून ओळखणारा माणूस, आणि हा शब्द मला दिसला नाही. आणि वर तुम्हाला शंकेखोर म्हणून शिकवायला गेलो. 'तीन मोजा आणि सोडा' लिहिलं. ते वाचताना तुम्हाला काय वाटलं असेल ते मी चार दिवस मोजतो आहे.

एकही बाण सुटलेला नाही ना?

अनिरुद्ध


नाशिक
२३ नोव्हेंबर

प्रिय अनिरुद्ध,

नाही सुटला.

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात खाली बागेत धनुष्य घेऊन गेलो होतो, नुसतं. वॉचमनने हात जोडले. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी माझा फोटो टाकला. युवराजने रात्री फक्त बाण मोजून कपाटावर ठेवले. एक माझ्याकडे ठेवला, टोक काढून, त्यावर माधवीने खोडरबर बसवून दिलं. वाईट नाही रे ती माणसं. त्यांची बाजू मलाही दिसते, नऊ मजल्यांवरून सगळंच दिसतं.

मग तो एक बाण मी रोज सकाळी खोलीत ओढतो. कपाटाच्या आरशासमोर नाही, भिंतीकडे तोंड करून. तोंडापर्यंत आणतो, अंगठा जबड्याला लागतो, तू सांगितलास तसा, मग हळूहळू परत आणून ठेवतो. वीस वेळा. तुझी बांबूची साल जाताना खर्र आणि येताना खर्र, चाळीस वेळा वाजायची. मला ऐकू येत नव्हतं. माधवी एका सकाळी पिऊला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे जरा हल्लू करता येईल का?" आपला शब्द तिच्या तोंडून ऐकला, माझ्याकडून उचललेला. त्याच दिवशी तुला पोस्टकार्ड टाकलं.

खोटं लिहायचं नव्हतं. खरंही लिहवेना. तू सहा बाण करायला घेतलेस म्हटल्यावर तर नाहीच.

मी येणार नाही, अनिरुद्ध. दिलसुखनगरचं घर गेल्या महिन्यात दुसऱ्याचं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरने एकट्याने गाडीत बसायचं नाही म्हणून सांगितलंय. युवराज आणून सोडील दोन दिवस, पण दोन दिवसांसाठी येऊन तुझ्याशेजारी उभं राहायचं आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करायचं, ते मला जमायचं नाही. फॉर्म सापडलेला आहे, पहिल्यापासून उशीखालीच होता. कोरा परत पाठवतोय. त्या बाईंचं नाव घाल. हौलेपणा, खुळेपणा करू नकोस, जोडीदार जोडीदार असतो.

एक सांगून टाकतो. तुझा जादाचा नमदा लावलाय, तो येताना अडतो. जाताना गुळगुळीत आहे, परत आणताना लव उभी राहते आणि बाण अडखळतो. तुझी पट्टी बरोबर आहे, तिचा बाण चुकीच्या दिशेने येतोय. तिला कसं कळावं. चालवून घेईन.

मैदानाला माझा रामराम सांग. चिंचेलाही.

तुझा
केशवराव


विद्यानगर
८ डिसेंबर

आदरणीय केशवराव,

सप्रेम जयभीम.

चालवून घेऊ नका. माझ्या हातची पट्टी अडखळते आणि कोणी ती चालवून घेतो, हे मला चालणार नाही.

आधी माझं. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत मैदानाला पत्रे लागले. निळे, दहा फूट उंच. आत यंत्रं चालतात. मी रविवारी साडेसहाला जातो हे खरं आहे. पत्र्याला एका ठिकाणी बोल्टचं रिकामं भोक आहे, त्यातून चिंच दिसते. ती बघतो आणि परत येतो. 'जातो' असं लिहिलं, 'मारतो' लिहिलं नाही. ते तुम्हीही वाचलं नाहीत. मे महिन्यापासून माझाही एक बाण सुटलेला नाही. मग जानेवारीत उभं राहून काय मारणार होतो, हे तुम्ही विचारू नका, मीही विचारलं नव्हतं.

फॉर्म दिला नाही. प्रणिताबाईंना सांगितलं की जोडीदार येत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग मी?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी विचारतो. त्या हसल्या. वाईट वाटून घेतलं नसावं.

आता काम. आजवर मी पट्टी निवडली ती जाणाऱ्या बाणासाठी. सगळी पुस्तकं तेवढंच बोलतात. परत येणाऱ्या बाणाचा कोणी विचार केलेला मला आढळला नाही, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. आईच्या खोलीतलं लाकूड बाहेर काढलं. एका बाणाचं टोक काढून रबर बसवलं आणि आठ प्रकारच्या पट्ट्या लावून प्रत्येकीवर वीस-वीस वेळा ओढून परत आणलं. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती असावी. सव्वासहाला, कारण सकाळी हवेत दमटपणा वेगळा असतो.

मखमल, वेल्क्रो, नमदा बाद. लव असलेलं काहीही बाद. बांबूची साल दोन्हीकडे सारखी, पण पिऊ. शिंगाचा तुकडा मी आणलाच नाही, का ते तुम्हाला माहीत आहे. साटिनची फीत वीस वेळांतच विरली. चामड्याची गुळगुळीत बाजू या कामाला सगळ्यांत सरस ठरली असती. ते मला न लावताही कळतं आणि लिहून ठेवतो आहे, उगाच माझ्या पट्टीला पहिला नंबर देणार नाही. तुम्हाला हवी असेल तर तिथे लावून घ्या. माझं काही म्हणणं नाही, आणि या वेळी ते खरंच नाही.

माझ्याकडून दुसऱ्या नंबरची घ्या. खाली एक पदर दाबलेला नमदा, आवाज पिण्यासाठी. वर छत्रीचं काळं कापड, ताणून, कडा मागे वळवून. कापड वडिलांच्या रेल्वेतल्या छत्रीचं आहे. काड्या केव्हाच गेल्या होत्या, कापड चाळीस वर्षं झाली तरी विरलेलं नाही. ते घाम पीत नाही. बाण जाताना आणि येताना एकच, कागदावर कागद सरकल्याएवढा आवाज. मी शेजारच्या इंदुताईंना खोलीबाहेर उभं करून विचारलं, "काही ऐकू आलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ओढलं का?" वीस झाले होते.

दोन पट्ट्या केल्या. एक सोबत आहे, दुसरी माझ्या धनुष्यावर. चाचणी मंगळवारी संपली. बुधवारीही सव्वासहाला उठलो, मग गुरुवारीही. आज पाचवा दिवस.

जानेवारीच्या शेवटी तुमची उतरवून मला पाठवा, मी माझी तुम्हाला पाठवीन. तारीख घाला. तुमच्या झिजेपेक्षा माझी जास्त निघाली तर कळवीन.

नव्या बाणांची पिसं पांढरी आणि तांबडी आहेत. एक पाठवतो आहे, टोक न लावता.

पट्टी चिकटवताना या वेळी बोट फिरवून बघू नका. कोणतीही बाजू पुढे केली तरी चालेल.

तुमचा
अनिरुद्ध